बाळ रात्री सारखं उठतं? निदान या चुका तरी टाळा

बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी २२ वर्षं गेली. घरी सोडलेल्या मुली दीड महिन्याच्या लसीला पुन्हा भेटतात. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर दुपटं आणि तोंडी एकच प्रश्न: "सिस्टर, रात्रभर दर दोन तासांनी उठतंय, काय करू?" मी आधी विचारते, "आतापर्यंत काय काय करून झालं?" कारण बाळाच्या उठण्याने जेवढं बिघडत नाही, तेवढं ते थांबवायच्या घाईने बिघडलेलं असतं.

तान्ह्याचं पोट इवलंसं आणि आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं. सुरुवातीच्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, त्यातल्या तीन-चार वेळा रात्रीच येणार. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवून चालत नाही.

"दूध पुरत नाही" म्हणून बाटली

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जन्मताना २.८ किलो. रात्री अकरा, एक, तीन, पाच, असं उठायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझं दूध पातळ आहे गं, त्याचं पोट भरत नाही." झालं, रात्री दहाला पावडरच्या दुधाची बाटली सुरू झाली. पहिल्याच रात्री बाळ सलग चार तास झोपलं, घरात आनंदीआनंद. मग एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दहाव्या दिवशी तिचा रडत फोन आला: "मावशी, छाती भरूनच येत नाहीये. आणि अंगावर घेतलं की मान फिरवून रडतं."

मी गेले आणि सगळ्यात आधी लसीचं कार्ड मागितलं. बाटली सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच दीड महिन्याचा डोस झाला होता. वजन ३.९ किलो. म्हणजे ४२ दिवसांत १ किलो १०० ग्रॅम, रोजचे साधारण २६ ग्रॅम. त्या बाळाला काही म्हणता काही कमी पडत नव्हतं. कार्ड कपाटात होतं, पण कुणी उघडून बघितलं नव्हतं.

बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. बाटली दिली की त्या वेळचं पाजणं चुकतं, आणि शरीर समजतं की आता एवढं नको. ते परत आणायला आम्हाला तीन आठवडे लागले. बाळाच्या डॉक्टरांना विचारून, दर तीन-चार दिवसांनी वजन करत एकेक बाटली कमी केली. रात्री बाळ फक्त लंगोटावर, आईच्या उघड्या छातीला लावून ठेवायचं, मागेल तेव्हा पाजायचं. त्या तीन आठवड्यांत भाचीने पहिल्यापेक्षा दुप्पट जागरण केलं.

म्हणून मी शू मोजायला लावते. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू आणि चढतं वजन असेल, तर दूध पुरतंय. वजन खरंच चढत नसेल तर तडक डॉक्टरांकडे जा. तेव्हा वरचं दूध हे औषधच असतं आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. पण वजन न बघता, कुणी म्हणालं म्हणून बाटली लावू नका.

कण्हलं की उचललं

बाळाची निम्मी झोप चळवळी असते. डोळे मिटलेले, पापण्या थरथरतात, कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, एखादं ओरडतंसुद्धा. ते झोपलेलंच असतं. आई दिवा लावते, उचलते, थोपटते, आणि मग ते खरंच जागं होतं. माझी सवय अशी, की हात छातीवर हलकेच ठेवायचा आणि मनात पन्नास आकडे मोजायचे. निम्म्या वेळा तिसाच्या आत ते शांत होतं. मात्र डोळे उघडून मूठ तोंडात घालत असेल, मान फिरवून शोधत असेल, तर थांबू नका, लगेच घ्या. भोकाड पसरेपर्यंत वाट पाहिली तर बाळ चिडतं, छाती नीट धरत नाही आणि अर्ध्या पोटी झोपून तासाभरात परत उठतं. पण जन्मतः वजन कमी असलेल्या किंवा वजन न चढणाऱ्या बाळाला पाजायच्या वेळी झोपू देऊ नका, उठवून पाजा.

गुटीत जायफळ जास्त उगाळून झोपवणं हा प्रकार तर मला सहनच होत नाही. ती झोप नसते, गुंगी असते. पूर्वी याच कामाला अफू देत असत.

सहा महिन्यांच्या आत पाणी नको, बाटलीत नाचणी सत्त्व नको. मध वर्षभर नको.

रात्री मोठा दिवा नको आणि गप्पाही नकोत. शी केली नसेल, लंगोट ओलागच्च नसेल तर बदलू नका. दिवसा मात्र खिडक्या उघड्या ठेवा. दिवस-रात्र कळायला बाळाला दोन-तीन महिने लागतात.

सोफ्यावर बसून पाजणं

"झोपून पाजलं की दूध कानात जातं" म्हणून मुली पहाटे तीनला सोफ्यावर बसतात आणि तिथेच डुलकी लागते. सोफ्यावर बाळ कडेला अडकून घुसमटू शकतं. कुशीवर वळून पाजायला शिका, आम्ही वॉर्डातच शिकवतो: कडक गादी, शक्यतो जमिनीवर, बाळाजवळ उशी-पांघरूण काही नाही. पाजून झालं की त्याच खोलीत, त्याच्या वेगळ्या सपाट अंथरुणावर, पाठीवर झोपवा. मोहरीची उशीसुद्धा नको. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला, आणि घरात कुणी सिगारेट किंवा दारू पीत असेल तर, आईच्या अंथरुणात झोपवूच नका.

ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं हे बाबांनी करायचं. याला दूध लागत नाही. "त्याला सकाळी ऑफिस आहे" असं सासूबाई म्हणाल्या तरी मी ऐकत नाही.

चौथ्या महिन्यात उठणं पुन्हा वाढलं तर घाबरू नका. झोपेची घडण बदलत असते, शिवाय दिवसा इकडेतिकडे बघण्याच्या नादात पिणं अर्धवट राहतं. दिवसा एकदोनदा शांत, अंधाऱ्या खोलीत नेऊन पाजा. २६ आठवड्यांची रजा संपून आई कामावर गेली की तिच्याविना गेलेला दिवस बाळ रात्री भरून काढतं, तेही असंच.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पिणं एकदम कमी, सुस्ती, श्वासाला धाप, यापैकी काहीही असेल तर रात्रीच दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. आणि बाळ झोपलेलं असतानाही आईचा डोळा लागत नसेल, रोज रडू येत असेल आणि दोन आठवडे झाले असतील, तर "बाळंतपणात असं होतंच" म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो रात्रीही चालू असतो.