हाताने चामड्याचा पट्टा बनवताना या चुका टाळा

नवा पट्टा पहिल्या आठवड्यात छानच दिसतो. सहा महिन्यांनी बघा: भोकं लांबट झालेली, बक्कलपाशी वरचा थर तडकलेला, कड पिंजलेली आणि शर्टावर तपकिरी रेघ. नवशिक्यांचा बराचसा वेळ ठसे, फुलं आणि रंगात जातो, पण पट्टा नक्षीमुळे क्वचितच बिघडतो. तो दिवसभर ओढला जातो. ही ओढ लक्षात न घेता चामडं निवडलं, भिजवलं किंवा भोकं पाडली की दुखणी सुरू होतात. त्यामुळे खालच्या चुका कामाच्या क्रमानेच घेतल्या आहेत.

चामडंच चुकीचं

सगळ्यात महाग पडणारी चूक दुकानातच होते. ठसे उमटवायचे असतील तर चामडं व्हेज टॅन हवं, म्हणजे झाडांच्या साली-फळांत कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून असंच कमावतात. बॅगा, जॅकेटं, सोफे यांचं मऊ चामडं बहुधा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते ओलं करून ठसा मारला तर खूण दिसते आणि थोड्याच वेळात फुगून नाहीशी होते. अशा वेळी हातोडी जोरात मारून काहीही साधत नाही.

ओळखायला कापलेली कड बघा. व्हेज टॅनची कड आतपर्यंत पिवळसर-तपकिरी असते, क्रोमची मधोमध बऱ्याचदा निळसर-राखाडी. चामडं कोरं, म्हणजे रंग-पॉलिश न केलेलं असेल तर वरच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरून गडद डाग पडला की तिथे नखाने दाबा. नखाची खूण टिकली तर ठसाही टिकेल. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नका, दर्जाबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट जनावराची. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या कारागिरांच्या हाती येणारं जाड चामडं मुख्यतः म्हशीचं असतं. पट्ट्याला ते उत्तम, दणकट. पण त्याचा दाणा, म्हणजे वरच्या बाजूचा पोत, मोठा असतो. अमेरिकेतल्या शेरिडन शैलीतली बारीक पाकळ्यांची फुलं व्हिडिओत बघून म्हशीच्या चामड्यावर उतरवायला गेलात तर ती अस्पष्टच येणार, कारण ते काम गायीच्या बारीक दाण्याच्या चामड्यावर केलेलं असतं. म्हशीवर ठळक, भौमितिक नक्षी घ्या: चंद्रकोर, ठिपके, तिरप्या रेघा, जाळी. माझ्या मते पट्ट्यावर तीच शोभतेही.

तिसरी गोष्ट कातड्यातल्या जागेची. पोटाकडचा तुकडा स्वस्त मिळतो आणि लांबही असतो, म्हणून अनेक जण तोच उचलतात. पोटाचं चामडं सैल असतं आणि ओढलं की लांबतं. पट्टा पाठीच्या भागातून, कण्याला समांतर काढायचा. जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर. यापेक्षा पातळ पट्टा पँटच्या लुप्प्यांमध्ये दुमडतो, फार जाड असेल तर लुप्प्यांतून जातच नाही.

माप

पँटच्या लेबलवरचा आकडा धरून पट्टा कापला तर तो हमखास आखूड पडतो. लेबलवर ३४ असलं तरी प्रत्यक्ष घेर बहुधा त्याहून जास्त निघतो. रोजचा पट्टा घ्या आणि बक्कलच्या घडीपासून, म्हणजे पट्टा बक्कलभोवती दुमडतो तिथपासून, वापरातल्या भोकापर्यंत मोजा. समजा ३६ इंच आले. घडीसाठी ३ इंच आणि मधल्या भोकापुढे टोकापर्यंत ६ इंच धरले, तर कापायची लांबी ४५ इंच. पाच भोकं, एकेका इंचावर, वापरातलं भोक बरोबर मधलं. घडीचे ३ इंच विसरणारे खूप भेटतात.

रुंदी बक्कलच्या आतल्या मापावरून ठरवा, त्यामुळे बक्कल आधी खरेदी करा. जीन्ससाठी ३८ मिलिमीटर, ऑफिसच्या पँटला ३० ते ३२. पट्टा बक्कलच्या मापाहून साधारण एक मिलिमीटर कमीच ठेवा.

कापताना पहिली सरळ कड महत्त्वाची. तिथे वाक आला तर पुढचे सगळे पट्टे वाकडे निघतात. लांब स्टीलची पट्टी, कटरला कोरं पातं आणि एकाच दमात न कापता दोन-तीन हलके हात. रापीचा, म्हणजे चांभाराच्या सुरीचा सराव असेल तर कटर लागतही नाही.

ओल: इथे घाई नडते

ठसा नीट उमटत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा, चामडं भिजवून किती वेळ थांबलास? स्पंजने पाणी फिरवून लगेच हातोडी उचलली की ठसा चिखलात पाय पडावा तसा पसरतो. आधी सगळी बाजू एकसारखी ओली करा. एकाच जागी पाणी पडलं तर नंतर कडांना डाग दिसतो. मग थांबा. वरचा रंग जवळजवळ मूळ रंगावर आला, पण गालाला लावल्यावर चामडं गार लागतंय, ती योग्य वेळ. त्या वेळी मारलेला ठसा खोल बसतो आणि तळाशी गडद होतो. तळ गडद झाला नाही तर चामडं फार ओलं किंवा फार कोरडं आहे. कोरड्यावर ठसा उथळ येतो आणि धारदार कडेने वरचा थर कापलाही जातो. काम लांबलं तर मधूनमधून हलकं ओलं करा. जेवायला उठताना वरून प्लास्टिक पसरा.

ओल्या चामड्यावर लोखंड ठेवू नका. खिळा, कात्री, स्टीलच्या पट्टीचा गंजका कोपरा, काहीही टेकलं तरी तिथे निळा-काळा डाग उठतो. सालीतलं टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई याच तत्त्वावर बनायची. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून त्यावर फिरवा, बराचसा उतरतो. नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. गच्च बसलेला जुना डाग निघत नाही. मग सरळ अख्खा पट्टा काळा रंगवावा, हा कारागिरांचा जुना तोडगा आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

ठसे मारताना

विकतचे ठसे नसले तरी अडत नाही. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टचं टोक कानशीने घासून ठिपका, चंद्रकोर, त्रिकोण सहज होतो. टोकाच्या कडा मात्र पॉलिश कागदाने गोल करा, नाहीतर ठसा चामडं कापतो.

जेवणाच्या टेबलावर ठोकाल तर टेबल हादरून निम्मा मार वाया जातो. दगडवाल्याकडून ग्रॅनाइटचा जाड तुकडा आणा. लोखंडी हातोडीने ठशाचं डोकं फुटतं आणि ती उसळतेही, त्यामुळे लाकडी किंवा नायलॉनची हातोडी वापरा. ठसा दुहेरी उमटला तर तो मारताना हलला आहे. एकच नेमका मार द्या, ठसा उचलून पुन्हा त्याच खाचेत बसवण्याच्या फंदात पडू नका.

ओल्या पट्ट्यावर सलग ठोकत गेलं की तो लांबतो आणि बाजूला पसरतोही. मागच्या बाजूला रुंद पॅकिंग टेप चिकटवून काम करा, वाळल्यावर टेप काढा. याच कारणाने भोकं ठशांनंतरच पाडायची. आधी पाडलेली भोकं नक्षी संपेपर्यंत सरकलेली असतात.

घडीच्या जागी आणि भोकांच्या भागात नक्षी नको. घडीवर खोल ठसा असला तर चामडं तिथेच तडकतं.

रंग शर्टाला लागतो

रंग वाळल्यावर कोरड्या कापडाने पुसत राहा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. हा कंटाळवाणा भाग टाळला जातो आणि वर थेट पॉलिश मारलं जातं. मग घामाने रंग सुटतो. मागची बाजूही पुसा, शर्टाला तीच घासते. रंगात ठिपके राहिले तर तिथे गोंद, रबर सोल्यूशन किंवा बोटांचं तेल लागलेलं असतं. त्यातून रंग आत जात नाही, म्हणून चिकटवण्याचं काम रंगानंतर करा.

तेल अगदी पातळ, एक हात. तेल पाजलेला पट्टा गडद होतो, लुळा पडतो आणि लांबतो. स्वयंपाकघरातलं गोडेतेल तर नकोच, ते खवट होतं.

बक्कल आणि भोकं

भोकांची रांग डोळ्याने आखलेली असेल तर ती नागमोडी जाते. कंपासाने मधली रेघ ओढा, आरीच्या (चामडं टोचायच्या अवजाराच्या) टोकाने खुणा करा आणि पंच उभा धरा. पंच तिरपा झाला तर मागचं भोक बाजूला निघतं. भोक बक्कलच्या काट्याहून जरासंच मोठं हवं. काट्यासाठीची लांब खाच कटरने थेट कापू नका. दोन्ही टोकांना गोल भोक पाडून मधलं चामडं काढा. टोकाला कोपरा राहिला तर फाटायची सुरुवात तिथूनच होते.

घडीच्या जागी मागच्या बाजूने चामडं निम्म्यापर्यंत तासा. न तासलेली घडी जाडजूड होते, फार तासलेली तुटते. दुमडताना तो भाग किंचित ओला असू द्या.

घडी पक्की करायचं रिव्हेट ठोकल्यावर वाकलं तर ते लांब आहे, महिन्याभरात निघून आलं तर आखूड. दोन थरांची जाडी मोजूनच घ्या. शिवायचं असेल तर एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून शिवा, एक टाका तुटला तरी शिवण उसवत जात नाही. बक्कल बदलता यावं म्हणून पेचाची बटणं लावलीत तर पेचावर नेलपॉलिशचा थेंब सोडा, नाहीतर ती चालता चालता सैल होतात.

कड आणि पावसाळा

पिंजणारी कड म्हणजे अर्धवट घासलेली कड. कडेचे टोकदार कोपरे तासून काढा, ४०० नंबरच्या पॉलिश कागदाने घासा, ओलसर करून जाड कॅनव्हासने जोरात घासा, शेवटी मधमाशीचं मेण. पाणी जास्त झालं तर कड दोन्ही बाजूंना फुगते. तेव्हा वाळू द्या आणि कागदापासून पुन्हा सुरुवात करा. क्रोमच्या चामड्याची कड अशी चकाकत नाही, तिला कडेचा रंगच लावावा लागतो.

कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर बुरशी येणारच. तो कपाटात मोकळा टांगा. बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, व्हिनेगर पाण्यात पातळ करून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवलेला पट्टा ताठ होतो आणि घडीवर तडे जातात. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा हात द्या.