सेल लागण्याआधीचा दुरुस्तीचा पंधरवडा

पितृपक्षात बहुतेक घरं नवी खरेदी टाळतात. मोठे ऑनलाइन सेल लागतात ते त्यानंतर, घटस्थापनेच्या आगेमागे. मधले हे पंधरा दिवस दुरुस्तीसाठी वर्षातले सगळ्यात सोयीचे. शिंप्याकडे गर्दी नसते, मिक्सरवाला बोलावल्या दिवशी येतो. नवरात्र लागलं की शिंप्याच्या दारावर ‘ऑर्डर बंद’ची पाटी चढते आणि वसुबारसेच्या आठवड्यात बंद पडलेला मिक्सर कोणी हातात धरत नाही. सेलमधल्या कितीतरी वस्तू अशा नाइलाजातूनच येतात.

सुरुवात यादीने करा, पण यादीत वस्तू नको, बिघाड लिहा. ‘नवा पंखा’ असं न लिहिता ‘हॉलचा पंखा हळू फिरतो’ असं लिहिलं की पुढचा रस्ता आपोआप वेगळा होतो. शेजारी त्या वस्तूची आजची बाजारातली किंमतही लिहून ठेवा. ती कशाला, ते पुढे येईल.

पंखा

छताचा पंखा सगळ्याच स्पीडवर मंद झाला असेल, किंवा नुसता गुणगुणतो आणि काठीने पात्याला हलकेच ढकललं की फिरायला लागतो, तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा. फुल स्पीडवर नीट आणि बाकीच्या स्पीडवर बंद असेल तर रेग्युलेटरकडे बघा.

कपॅसिटर बदलायला अर्धा तास पुरतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मेन एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. दांड्याच्या खालच्या टोकाची टोपी सैल करून वर सरकवा, आत पांढरा किंवा काळा नळकांड्यासारखा कपॅसिटर दिसेल. सुटा करण्याआधी वायरी कुठे जोडल्यात त्याचा फोटो काढा. दोन्ही टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जाईल. अंगावर छापलेला आकडा वाचा: बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. नेमका तोच आणा. शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. याला प्लस-मायनस नसतं. ‘मोठा टाका, पंखा जोरात पळेल’ असा सल्ला दुकानात मिळतो. तो ऐकू नका, वाइंडिंग तापतं आणि मग खरोखरच नवा पंखा घ्यावा लागतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, बहुधा रिमोटवर चालणाऱ्या पंख्याला हा उपाय लागू नाही. त्याच्या आत सर्किट असतं, ते कंपनीच्या माणसाकडेच द्यावं.

दिवाळीच्या साफसफाईनंतर पंखा डुलायला लागतो, त्याचं कारण पुसताना वाकलेलं पातं. मेन बंद करून प्रत्येक पात्याचं टोक छतापासून किती लांब आहे ते पट्टीने मोजा. एखादं चार-पाच मिलिमीटरने वर-खाली असेल तर तेच दोषी. पातं पुसताना खालून हात लावून आधार द्या. खरखर आवाज मात्र बेअरिंगचा. ती वर-खाली दोन असतात, दोन्ही एकदमच बदलून घ्या.

मिक्सर आणि कुकर

भाजणी दळताना किंवा करंजीसाठी पिठीसाखर करताना मिक्सर अचानक गप्प झाला तर आधी तो उलटा करून बुडाशी लाल बटण शोधा. जास्त भार आला की ते आपणहून बाहेर येतं. प्लग काढून दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग बटण दाबा. एवढं न कळल्यामुळे कितीतरी धडधाकट मिक्सर भंगारात जातात.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटरला भांड्याशी जोडणारा भाग, झिजलाय. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, अडकलं तर तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर तो आणखीच घट्ट होईल. चटणीत काळं पाणी उतरत असेल तर भांड्याच्या बुडातला, पात्याच्या दांड्याभोवतीचा बुश आणि सील गेलंय. ते भांडं त्या दिवसापासून वापरातून काढा. आत ठिणग्या दिसतात आणि करपल्याचा वास येतो, तर कार्बन ब्रश संपलेत. ते नेहमी जोडीने बदलतात.

कुकरच्या कडेने वाफ जाते तेव्हा रिंग बदला, कुकर नव्हे. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र त्याच कंपनीचा आणि त्याच लिटरचा घ्या. इथे दहा-वीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

पितळेची भांडी

नवा नॉनस्टिक सेट घेण्याआधी माळ्यावरचं पितळेचं पातेलं खाली काढा. कल्हई, म्हणजे आतला कथलाचा (टिनचा) मुलामा, उडालेल्या पितळेत आमटी, चिंचेचं सार, ताक असं आंबट ठेवलं की तांबं अन्नात उतरतं, म्हणून ही भांडी मागे पडली. कल्हई केली की ती पुन्हा रोजच्या वापरात येतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम होतं. इतर गावांत जुन्या भांडेबाजारात विचारा, एखादा कल्हईवाला हमखास ठाऊक असतो.

काम समोर उभं राहून करून घ्या. भांडं घासून भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवतात. धूर नाकात जाऊ देऊ नका. खरी नजर कांडीवर ठेवायची. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की कर्र असा बारीक आवाज येतो. कांडी कागदावर घासल्यावर ठळक करडी रेघ उमटली तर तिच्यात शिसं असण्याचा संशय घ्या, आणि शिसं विषारी आहे. पूर्ण झालेल्या भांड्यात कोपऱ्यांत, सांध्यावर पिवळं काही दिसता कामा नये.

नंतरची काळजी सोपी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. रिकामं भांडं मोठ्या गॅसवर तो आकडा पटकन गाठतं आणि कल्हई तळाशी थेंब होऊन गोळा होते. म्हणून आधी तेल किंवा पाणी, मग गॅस. तारेची घासणी नको, लाकडी चमचा बरा. चकल्या तळायला लोखंडी कढईच घ्या.

कपडे

शिवून घेतलेल्या कुर्त्याच्या आणि पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, असते. कपडा घट्ट झाला की शिवण उसवून ती वापरता येते. तयार कपड्यात जेमतेम अर्धा इंच मिळते. तिथे शिंप्याला आग्रह करू नका, कापड फाटेल. शर्टाची कॉलर झिजली तर ती काढून उलटी लावता येते. पन्नाशी उलटलेले शिंपी हे काम अजून बिनचूक करतात. फटाक्याच्या ठिणगीचं भोक सुती किंवा लोकरी कापडावर असेल तर रफूगार आतल्या दुमडीतलेच धागे काढून भरतो. सिंथेटिकवर कडा वितळून कडक होते, तिथे रफू दिसतोच. कशिदा किंवा ठिगळ लावलेलं बरं.

आईची जुनी साडी नातीच्या परकर-पोलक्याला जाते, पण कात्री लावण्याआधी तिची परीक्षा घ्या. उजेडासमोर धरून घडीच्या रेषा बघा, मग घडीवर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताण द्या. धागे सरकले किंवा तड गेली तर ती रेशमी साडी शिवणीचा ताण सोसणार नाही. तिचे फक्त काठ आणि पदर काढून नव्या सुती कापडावर लावा. साडी टिकाऊ असेल तर साडेपाच मीटरमधून सहा वर्षांच्या मुलीचा परकर सव्वादोन ते अडीच मीटरात होतो, पोलकं पाऊण मीटरात, आणि उरलेल्यात ओढणी. काठ परकराच्या घेराला यावेत म्हणून कापड आडवं घ्या आणि वाढीसाठी आत दोन दुमडी घालून ठेवा, दोन वर्षं चालेल.

साडीचा फॉल बदलताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सुती फॉल न धुता लावणं. पहिल्या धुण्यात तो आखडतो आणि साडीचा काठ चुण्यांनी गोळा होतो. तासभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा, मगच लावा. साडीचं आतलं टोक वीतभर सोडून सुरुवात करा. अस्तरही असंच आधी भिजवून घ्या.

यातून उरलेल्या सुती साड्यांची गोधडी होते. सुती आणि सिंथेटिक थर एकत्र घालू नका, धुतल्यावर एक आखडतो आणि दुसरा नाही. थर आधी कच्च्या टाक्यांनी सगळीकडून धरून घ्या. हे टाळलं की मधोमध फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. काहीच होण्यासारखं नसेल ते बोहारणीला द्या. घासाघीस करून एखादं स्टीलचं पातेलं पदरात पडेल.

जे खरंच घ्यायचंय

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल, किंवा सुटा भाग मिळतच नसेल, तर नवीन घ्यावं. सुटे भाग आणि सर्व्हिस सेंटर शोधायला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

यादीत लिहिलेली किंमत आता कामाला येते. सेलमधली सूट एमआरपीवरून मोजतात, तुम्ही मात्र ती पंधरवड्यापूर्वीच्या बाजारभावाशी ताडा. ‘सत्तर टक्के सूट’ बऱ्याचदा शे-दोनशे रुपयांवर येते. फ्रिज, एसी किंवा पंखा घेताना वीजबचतीच्या तारांकित लेबलावर छापलेला कालावधी वाचा. निकष बदलले की जुन्या लेबलाचा माल सेलमध्ये काढतात, आणि जुने पाच तारे नव्या मोजणीत कमी भरू शकतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढीच सूट आधी देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. व्याज १,००० रुपये असेल तर १८० रुपये जीएसटी, वर फी, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत असेल तर तीही हुकते.

मोबाइलचं चार्जिंग नुसतं लवकर उतरत असेल तर बॅटरी बदला. ती फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक सामान ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. कंपनीच्या परतीच्या योजनेत किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ संस्था जुन्या वस्तू गोळा करण्याची शिबिरं घेते.

दुरुस्ती झाल्यावर जुना सुटा भाग परत मागून घ्या. बदललाय याचा तोच पुरावा, आणि पुढच्या वेळी दुकानात नंबर जुळवायलाही तोच उपयोगी पडतो. बिलावर नव्या भागाचं नाव आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या; नुसता ‘सर्व्हिसिंग चार्ज’ लिहिलेला कागद पुन्हा बिघाड झाला तर कोणी मानत नाही.