पक्ष्यांच्या नोंदी संस्थांनी एकमेकांना कशा द्याव्यात

नोंदी एकत्र करायच्या ठरल्या की बैठकीत सगळ्यांचं जमतं. अडतं ते पहिली एकत्र फाइल उघडल्यावर. एका संस्थेने तारीख ०३/०४ अशी लिहिलेली असते. ती तीन एप्रिल की चार मार्च, हे वर्षभराने लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून सगळा साठा मागण्याआधी प्रत्येक संस्थेकडून पन्नासेक ओळींचा नमुना मागवा, एकाखाली एक लावा आणि काय बसत नाही ते पाहा.

प्रत्येक ओळीत किमान एवढं हवं: कायमचा नोंद क्रमांक, शास्त्रीय नाव, संख्या, तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं पाहिलं, किती अंतर चालून, किती जणांनी, अक्षांश-रेखांश, आणि ती जागा किती मीटरपर्यंत अचूक आहे. रकान्यांना नवी नावं देत बसू नका. डार्विन कोअर हे जीवनोंदींच्या रकान्यांची नावं ठरवून देणारं प्रमाण याचसाठी आहे आणि जीबीआयएफला, म्हणजे जगभरच्या जीवनोंदी खुल्या ठेवणाऱ्या जाळ्याला, नोंदी देतानाही तेच चालतं. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत आणि डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती मोजपद्धत) प्रमाणे द्या. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) ठेवा आणि ती यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन करा, नाहीतर मराठी नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. आकडे मात्र इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंकांना बरेच प्रोग्राम मजकूर समजतात आणि बेरीज चुकते.

नोंद क्रमांक म्हणजे एक्सेलमधला ओळ क्रमांक नव्हे. कोणी एकच रकाना निवडून क्रम लावला की पक्षी एका ओळीत आणि संख्या दुसऱ्या ओळीत जाते, आणि हे पटकन लक्षातही येत नाही. संस्थेचं लघुनाव, वर्ष आणि अनुक्रमांक मिळून क्रमांक बनवा आणि तो कधीही बदलू नका. पुढे ओळख चुकीची ठरली तर ओळ पुसायची नाही. तोच क्रमांक ठेवून स्थिती बदलायची आणि ती दुरुस्ती सगळ्या भागीदारांना कळवायची. पुसलेली ओळ दुसऱ्याच्या जुन्या प्रतीत राहतेच.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते शून्य न लिहिल्याने. 'पक्षी दिसला नाही' आणि 'पाहायला कोणी गेलंच नाही' या दोन्हींसाठी रकाना रिकामा सोडला, तर संख्या घटली की फेऱ्या घटल्या हे कधीच ठरवता येणार नाही. गेलो, शोधलं, नव्हता: शून्य. मोजलं नाही: रिकामं, आणि शेऱ्यात कारण. दिसलेले सगळे पक्षी नोंदवले की निवडक, हेही प्रत्येक यादीवर लिहा.

नावांसाठी एकच यादी आणि तिची आवृत्ती ठरवा. गव्हाणी घुबडाला काही याद्या अजून टायटो आल्बाच म्हणतात, तर काहींनी पूर्वेकडच्या पक्ष्यांना टायटो जावानिका अशी वेगळी जात मानलं आहे. मोठा बगळा जुन्या वह्यांत एग्रेटा, कॅस्मेरोडियस आणि आर्डिया अशा तीन प्रजातींखाली (शास्त्रीय नावाच्या तीन वेगळ्या पहिल्या शब्दांखाली) सापडतो. मूळ लिहिलेलं नाव एका रकान्यात तसंच राहू द्या, ठरलेल्या यादीतलं नाव शेजारी भरा.

एकाच तळ्यावर दोन संस्थांनी एकाच सकाळी गणना केली असेल, तर बेरीज करू नका. दोन्ही नोंदी ठेवा आणि एकूण आकड्यासाठी पूर्ण व्याप्तीची गणना धरा. दोन्हींची व्याप्ती सारखी असेल तर मोठा आकडा. शेजारच्या पाणथळींवर मात्र एकाच वेळी मोजा, कारण थवे मधल्या वेळात जागा बदलतात.

घरट्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावाच लागतो. अचूक जागा फक्त संरक्षणाच्या कामात असलेल्यांना द्या. बाकीच्यांना अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंत ढोबळ करून द्या, म्हणजे विषुववृत्तापाशी साधारण ११ किलोमीटरचा चौकोन. प्रत्येक वेळी बिंदू मनाला येईल तसा सरकवणं धोक्याचं आहे: एकाच घरट्याच्या वीस सरकवलेल्या बिंदूंची सरासरी काढली की खऱ्या जागेजवळ पोचता येतं. जागा ढोबळ केली आहे असं ओळीतच लिहा, नाहीतर कोणीतरी त्या बिंदूवरून अधिवासाचा नकाशा काढेल. आणि शेरे वाचून काढा. आकडे लपवून 'पुलाच्या उत्तरेला, तिसऱ्या वडावर' हे शेऱ्यात राहिलं, तर सगळं उघडंच. फोटोंमधली जीपीएस माहितीही काढून टाका.

करार एका पानाचा पुरे, पण लेखी हवा. नोंद कोणाची, श्रेय कसं द्यायचं, प्रसिद्धीआधी कोणाला विचारायचं, संस्था बाहेर पडली तर तिच्या नोंदींचं काय, एवढं त्यात यावं. नोंदी खुल्या करायच्या असतील तर परवाना आधी ठरवा. जीबीआयएफ सीसी० (कोणतीही अट नाही), सीसी बाय (श्रेय देऊन वापर) आणि सीसी बाय-एनसी (श्रेय देऊन, पण व्यापारी वापर नाही) हे तीनच स्वीकारतं. निरीक्षकांची परवानगी न घेता संस्थेने परवाना ठरवला की पुढे वाद ठरलेला, आणि तो रास्तही असतो.

मेलेले पक्षी, विषबाधा किंवा वीजतारांवरचे मृत्यू दर तीन महिन्यांनी पाठवायच्या फाइलची वाट पाहत नाहीत. प्रत्येक संस्थेचा एक माणूस आणि एक पर्यायी माणूस नेमून त्यांच्यासाठी वेगळी फोनसाखळी ठेवा. जात, संख्या, वेळ, नेमकी जागा आणि फोटो पाठवा. मृत पक्ष्यांना हात लावू नका. पक्ष्यांचा साथीचा आजार असण्याची शंका असेल, तर पहिला फोन पशुवैद्यकीय यंत्रणेला.

रंगीत रिंग (अभ्यासकांनी ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात घातलेलं कडं) दिसली तर पक्ष्याचा स्वतःचा डावा-उजवा पाय, सांध्याच्या वर की खाली, आणि वरून खाली रंगांचा क्रम लिहा. रिंगवरच्या कोडमधलं अक्षर वाचता आलं नाही तर त्या जागी प्रश्नचिन्ह टाका. अर्धवट वाचलेला कोड इतर खुणांवरून जुळवता येतो; अंदाजाने भरलेलं अक्षर मात्र भलत्याच पक्ष्याचा प्रवास लिहून ठेवतं.