कमी पैशांत घराचा दर्शनी भाग सुधारताय? या चुका टाळा

रस्त्यावरून आपलं घर कसं दिसतं, हे त्यात राहणाऱ्यांना सगळ्यात शेवटी कळतं. रोज त्याच फाटकातून ये-जा केली की गंजलेली कडी, कलंडलेली पाटी आणि कोपऱ्यातला फुटक्या कुंड्यांचा ढीग दिसेनासा होतो. मग एक दिवस हुक्की येते आणि सगळे थेट रंगाचं शेडकार्ड घेऊन बसतात. गडबड इथूनच सुरू होते. आधी पाण्याचा बंदोबस्त, मग साफसफाई, मग डागडुजी, त्यानंतर रंग आणि सजावट अगदी शेवटी, हा क्रम पाळला तर थोडक्या पैशांतही भागतं. तो उलटा केला की एकच काम दोनदा करावं लागतं.

कामाला हात घालण्याआधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन मोबाइलवर घराचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. रंग निघून गेला की लोंबणाऱ्या वायरी, भिंतीवरचे काळे ओघळ, दाराजवळचा पसारा लगेच उठून दिसतो. कामांची यादी त्या फोटोवरूनच करा.

ओल तशीच ठेवून रंग देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भिंतीला पोपडे धरलेत, पायथ्याशी पांढरी भुकटी झडतेय, तरी वरवर खरवडून रंगाचे दोन हात मारले जातात. पाऊसकाळ उलटला की भिंत पुन्हा होती तशी. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. वर कितीही भारी रंग असो, आतून येणारे क्षार त्याला सोलून काढणारच. लोणा कोरड्या ब्रशने झाडून तिथून उचलून टाका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत शिरतो.

ओल कुठून येतेय याचा अंदाज घ्यायला एक फुकटची युक्ती आहे. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. भिंतीतच पाणी असेल तर गळकी पन्हळ, फुटका पाइप, गच्चीची भेग आणि भिंतीला लागून उंच चढलेली माती, हे नेहमीचे संशयित तपासा. मातीचं काम तर फक्त फावड्याचं आहे.

खिडकीखालचे काळे ओघळ हा वेगळा प्रकार. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याला किंवा सज्जाला खालच्या बाजूने, कडेजवळ, एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी त्या खाचेपाशी अडून खाली टपकतं. दर रंगकामात ती पुट्टीने आणि रंगाने थोडी थोडी बुजत जाते, मग पाणी सज्जाच्या पोटावरून सरकत थेट भिंतीवर येतं. वर्षानुवर्षं ओघळ पुसत बसण्यापेक्षा ती खाच खरवडून मोकळी करा. खाच मुळातच नसेल तर गवंड्याकडून करून घ्या; काम छोटं आहे.

जुना रंग, नवा रंग

भिंतीवर तळहात घासून बघा. हाताला खडूसारखी पूड लागली तर जुना रंग मेलाय. त्याच्यावर थेट नवा हात दिला तर तो त्या पुडीला चिकटतो, भिंतीला नाही, आणि पुडीसकट सुटतो. आधी भिंत घासून धुवा, पूर्ण वाळू द्या, प्रायमर मारा. प्रायमरमध्ये काटकसर करू नका. तिथे वाचवलेले पैसे रंगात दामदुपटीने जातात.

घराच्या आत वापरायची पुट्टी बाहेर लावू नका, ती पाण्याने फुगते. सिमेंटच्या भिंतीला ऑइल पेंट नको. त्याची चकचकीत फिल्म आतली वाफ बाहेर पडू देत नाही आणि फोड येतात. नव्या गिलाव्याला साधारण 28 दिवस द्या, नाहीतर त्यातला अल्कलीपणा रंग खराब करतो. आणि उन्हाने तापलेल्या भिंतीवर ब्रश फिरवू नका. रंग नीट पसरायच्या आत वाळतो आणि दोन पट्टे जिथे मिळतात तिथे जोड दिसत राहतो. सावली जशी सरकेल तसं काम सरकवायचं.

शेड मात्र भिंतीवरच ठरवा. दोन-तीन फुटांचा चौकोन रंगवून सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बघा. कागदावर सौम्य वाटलेला पिवळा अख्ख्या भिंतीवर डोळ्यांत घुसतो. बजेट तुटपुंजं असेल तर सगळं घर अर्धवट रंगवण्यापेक्षा मुख्य दार, त्याची चौकट आणि फाटक एवढंच नीट करा. येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

गंजावरून ब्रश फिरवणं

फाटकाचा गंज रंगाखाली झाकला तरी तो थांबत नाही. रंग उचलत, फुगवत तो पसरतच राहतो. सुटी पापुद्री तारेच्या ब्रशने काढा, पॉलिश पेपरने घासा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. उघडं लोखंड रात्रभर राहिलं की दमट हवेत सकाळी पुन्हा तांबूस दिसतं. प्रायमर वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात.

फाटक दरवर्षी खालूनच सडत असेल तर वाकून चौकोनी पाइपची खालची बाजू बघा. आत पाणी साठत असेल तर बाहेरून कितीही रंग द्या, गंज आतूनच खात राहणार. तळाला एक-दोन छोटी भोकं पाडली की पाणी निघून जातं. बिजागरीला तेल द्या, कारण करकरणारं फाटक कितीही चकचकीत असलं तरी जुनाटच वाटतं.

अॅसिडने फरशी धुणं

डाग काढायला अॅसिड ओतण्याची सवय सोडा. सिमेंटची फरशी आणि संगमरवर ते खातं, खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर मळ आणखी धरतो, आणि त्याच्या वाफेने जवळच्या फाटकालाही गंज चढतो. शेवाळ ताठ ब्रश आणि पातळ ब्लीचने निघतं. आधी आसपासची झाडं झाकून घ्या. अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पाण्याचा जोराचा फवारा मारणारं मशीन भाड्याने आणलं तर नोझल लांब धरा. जुन्या विटांच्या सांध्यांतला मसाला त्याने उडून जातो.

झाडं, कुंड्या आणि हौस

रोपवाटिकेत झाड गुडघ्याएवढं असतं, म्हणून ते भिंतीला चिकटून लावलं जातं. तीन वर्षांनी त्याच्या फांद्या खिडकी झाकतात आणि भिंत सुकत नाही. पूर्ण वाढल्यावर झाडाचा घेर किती होतो ते विचारा आणि भिंतीपासून त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त अंतर सोडा. मुळं रोवत चढणारे वेल गिलाव्यावर नकोत. भिंतीपासून वीतभर पुढे जाळी उभी करून त्यावर चढवा.

वेगवेगळ्या रंगांच्या वीस छोट्या कुंड्या ओळीने मांडण्यापेक्षा दाराशी तीन मोठ्या ठेवा. त्यांना पाणीही कमी वेळा घालावं लागतं. भिंतीच्या पायथ्याला फूट-दीड फूट रुंद खडीचा पट्टा दिला की पावसात मातीचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत.

दिवे आणि पाटी

6500 केल्विनचा पांढराफटक दिवा दाराला दवाखान्याची कळा आणतो. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर घ्या आणि सगळे दिवे एकाच छटेचे ठेवा. उघड्यावरच्या दिव्याला निदान आयपी 44 (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन), थेट पाऊस लागत असेल तर आयपी 65 बघून घ्या. सोलर दिवे सावलीत लावून ‘लवकर विझतात’ म्हणण्यात अर्थ नाही.

घराचा क्रमांक नक्षीदार अक्षरांत, तोही तपकिरीवर सोनेरी, अशी पाटी रात्री रुग्णवाहिकेच्या चालकाला वाचता येत नाही. किमान चार इंच उंचीचे, साधे, पार्श्वभूमीच्या उलट रंगाचे आकडे लावा आणि त्यांच्यावर उजेड पडेल असं बघा. लोंबणाऱ्या वायरी इलेक्ट्रिशियनकडून पट्टीत बसवून घ्या. पाण्याचे पाइप भिंतीच्याच रंगात रंगवले की निम्मे गायब होतात.

काम संपल्यावर उरलेला रंग घट्ट बंद करून डब्यावर शेडचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. पुढे कुठे खरचटलं तर तेवढ्याच जागी ठिगळ मारू नका. ऊन खाल्लेल्या रंगावर ताजा रंग वेगळा दिसतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची पूर्ण बाजू रंगवा, म्हणजे फरक कोपऱ्यावर लपतो.