व्हॉट्सॲपवर आलेल्या संशोधनाच्या मुळापर्यंत कसं जायचं

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलाबी ग्रुप उघडा, अमक्या शास्त्रज्ञांनी शोध लावला, तमक्या फवारणीनं उसाचं टनेज दुप्पट, असा एक तरी मेसेज असतोच, आणि खाली वादावादी सुरू, पण मूळ पेपर, म्हणजे शास्त्रज्ञांनी छापलेला शोधनिबंध, कुणीच उघडलेला नसतोय. म्हणून वादात पडायच्या आधी मेसेजमध्ये तीन गोष्टी शोधा: जर्नलचं, म्हणजे पेपर छापणाऱ्या मासिकाचं नाव, वर्ष, आणि काम कुठल्या संस्थेत झालं. तिन्ही नसतील तर तो पुढं ढकलू नका. एखादी जरी असली तर गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या पेपर शोधायच्या साइटवर, इंग्रजीत दोन-चार शब्द टाका, बहुतेक वेळा पेपर सापडतोय. बहुतेक पेपरला डीओआय नंबर असतोय, म्हणजे त्याचा ऑनलाइन कायमचा पत्ता, 10 नं सुरू होणारा, तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की थेट मूळ पानावर जाताय. ग्रुपवर कुणी दावा केला की शांतपणे एवढंच लिहा, "डीओआय टाका की ओ."

पेपर वाचायचा सराव करायचा तर आपल्याच जिल्ह्यातला घ्या. 2006 साली 'द लॅन्सेट'मध्ये मिसोप्रोस्टॉल गोळीवरचा पेपर आला, तो अभ्यास बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला होता, 1620 बायकांवर. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊन बायका दगावतात. त्यावरचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेलं माणूस लागतं, म्हणून गोळीनं काम भागतंय का हे बघायचं होतं. 812 जणींना खरी गोळी, 808 जणींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि देणाऱ्या कोण, तर आपल्या गावच्या एएनएम सिस्टर. रक्त किती गेलं हे नजरेनं ठरवलं तर कमी धरलं जातंय, म्हणून बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून मोजलं. मला विचाराल तर त्या पेपरमधली सगळ्यात भारी गोष्ट ती पिशवीच आहे, मोजमाप धड नसेल तर बाकी आकडे कितीबी चकाचक असू देत, त्यांना अर्थ नाही.

आता निकाल बघा. जास्त रक्तस्राव औषध नसलेल्या गटात 12 टक्के, गोळीच्या गटात 6.4 टक्के. बातमीवाला लिहिणार "धोका जवळपास निम्म्यावर", ते खरंच आहे, पण तुम्ही लगेच विचारायचं, निम्म्यावर म्हणजे कशाच्या निम्म्यावर? इथं साधारण 18 जणींना गोळी दिली की एकीचा जास्त रक्तस्राव टळतोय, हे मोठं यश आहे. पण एखादा आजार लाखात दोघांना होत असेल आणि औषधानं तो लाखात एकावर आला तर तोबी "निम्मा"च की! दोन्ही आकडे मागा, आणि मग कुणावर, किती जणांवर, कशाच्या तुलनेत हे बघा. उसाच्या दाव्यालाबी हेच लागू: शेजारी फवारणी न केलेला प्लॉट होता का, उसाची जात कुठली, जमीन काळी की तांबडी.

भारतातल्या औषधांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत घालाव्या लागतात, 2009 पासून ते सक्तीचं आहे, आणि कुणीही फुकट बघू शकतंय. सुरुवातीला काय मोजणार म्हणून लिहिलं होतं आणि शेवटी काय छापलं, हे ताडून बघा. प्रीप्रिंट असेल, म्हणजे मेडआरकाइव्ह, बायोआरकाइव्ह असल्या साइटवरचा, तर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तो अजून तपासलेला नसतोय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

जर्नल मोठं म्हणून डोळे झाकून विश्वास नको. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध जोडणारा 1998 चा पेपर त्याच लॅन्सेटमध्ये आला होता, फक्त 12 मुलांवरचा, आणि 2010 ला त्यांनीच तो मागं घेतला, तरी आजही त्या भीतीनं आयाबाया लस टाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतंय. पेपरचं नाव पबपीअर आणि मागं घेतलेल्या पेपरची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं पुरतात. पबपीअरवर शास्त्रज्ञ एकमेकांच्या चुका फोटो-आकड्यांसकट दाखवतात, तिथली चर्चा वाचली की प्रश्न कसा विचारायचा ते आपोआप कळतंय.

पेपर आला म्हणजे धोरण झालं असं नाही. मिसोप्रोस्टॉल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत रक्तस्राव टाळण्यासाठी 2011 ला आलं. आणि मापाची पिशवी? 2023 ला छापलेल्या, आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 दवाखान्यांच्या अभ्यासात जिथं ती पिशवी आणि लगेच करायचे उपचार एकत्र वापरले, तिथं तीव्र रक्तस्राव आणि त्यातून होणारे गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले. गुगल स्कॉलरवर पेपरखाली "सायटेड बाय" असतंय, म्हणजे त्या पेपरचा आधार पुढं कुणी घेतला त्याची यादी, ते दाबत गेलं की असा पुढचा प्रवास दिसतोय.

पैशाचं धोरणबी बघा. 2023 च्या कायद्यानं संशोधनाला पैसे देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत 50,000 कोटी अशी घोषणा होती, पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे होते, हे हेडलाइनमध्ये नसतंय. असल्या विधेयकांचा सोपा गोषवारा कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या साइटवर मिळतोय, आणि पैसे खरंच किती आले हे खासदारांच्या प्रश्नोत्तरांत, संसदेच्या साइटवर. पेपरला पैसे मागत असतील तर सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांना विचारा, केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून सुमारे 13,000 जर्नलं सरकारी संस्थांना उघडी आहेत.

केंद्राच्या कायद्याचा मसुदा आला की लोकांना मत द्यायला निदान 30 दिवस द्यायचे असं 2014 चं धोरण सांगतंय. आपल्या कर्नाटक राज्याचे कागद कन्नडमध्ये येतात, तवा कन्नड चांगलं वाचणारा एक मित्र ग्रुपमध्ये असू द्या. मत पाठवताना नुसतं "विरोध" लिहू नका, कलमाचा नंबर, त्यात काय बदलायचं, आणि त्याला आधार म्हणून पेपरचा डीओआय, एवढं एका पानात बसवा आणि मुदतीच्या आत ईमेल करा.