क्युसेक, हळकुंड आणि कृष्णेतली नाव: मापन व व्हेक्टरचा सराव कसा करावा

अकरावी सायन्सला गेलं की फिजिक्समध्ये सुरुवातीलाच दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे मोजमाप नीट लिहिणं, दुसरी म्हणजे व्हेक्टर, म्हणजेच सदिश: आकड्याबरोबर दिशाही असलेली राशी. पुढची दोन वर्षं यांच्यावरच उभी असतात, आणि घाईघाईत उरकली जातात तीही हीच. सांगलीकराला सरावासाठी गाईड धुंडाळायची गरज नाही. कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात घराघरांत बोललं जातं. वही, कंपासपेटी आणि साइन-टॅन असलेला कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

आधी मोठे आकडे. वैज्ञानिक पद्धतीत संख्या दोन भागांत लिहितात: १ किंवा त्याहून मोठी पण १० पेक्षा लहान अशी संख्या, गुणिले १० चा घात. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे १०⁹ घनफूट, म्हणून ही क्षमता झाली १.०५२५ × १०¹¹ घनफूट. दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे सरकलं, म्हणून घात दोनने वाढला. आता घनमीटर करा. एक फूट ०.३०४८ मीटर, त्याचा घन सुमारे ०.०२८३१७, म्हणजे २.८३१७ × १०⁻². १० च्या घाताआधीच्या संख्या एकमेकींशी गुणा आणि घातांची बेरीज करा. उत्तर सुमारे २.९८ × १०⁹ घनमीटर. फुटाचा घन करायला विसरून नुसतं ०.३०४८ ने गुणणारे प्रत्येक वर्गात सापडतात.

भागाकारात घात वजा होतात. विसर्ग ५ × १०⁴ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट असेल, तर एक टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल? १०⁹ भागिले ५ × १०⁴, म्हणजे २ × १०⁴ सेकंद, साधारण साडेपाच तास. हे गणित एकदा स्वतः केलं की बातमीतला आकडा वेगळाच दिसायला लागतो.

मापनासाठी घरातलं हळकुंड घ्या आणि जाडी मोजायला प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपरमध्ये, म्हणजे मुख्य पट्टीवर छोटी सरकती व्हर्नियर पट्टी असलेल्या उपकरणात, धरा. मुख्य पट्टीवर व्हर्नियरच्या शून्याच्या अलीकडची रेघ १.३ सेमी आणि व्हर्नियरची ४ थी रेघ जुळली, तर वाचन १.३४ सेमी, कारण लघुतम माप, म्हणजे उपकरणाने मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ सेमी. कॅल्क्युलेटरने १.३४२८ दिलं तरी शेवटचे दोन अंक लिहायचे नाहीत. ते उपकरणाने मोजलेलेच नाहीत. हळकुंड गोल नसतं, म्हणून ते काटकोनात फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी काढा. त्याआधी जबडे मिटवून शून्यत्रुटी पाहायची, म्हणजे तेव्हा वाचन शून्याऐवजी किती येतं ते. ती धन असो वा ऋण, चिन्हासकट वाचनातून वजा करायची. एक वाचन बरोबर आलं म्हणून अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नका, चारपाच वेगवेगळ्या वस्तू मोजा.

आता व्हेक्टर. यात पहिलं काम चित्र, दुसरंही चित्र, सूत्र त्यानंतर. सांगलीच्या काठावरून सांगलवाडीकडे नाव निघाली असं समजा. पात्राची रुंदी १.२० × १०² मीटर धरू. नुसतं १२० लिहिलं तर शेवटचं शून्य मोजलेलं की भरतीचं ते कळत नाही; असं लिहिलं की तीन सार्थ अंक, म्हणजे खरोखर मोजलेले अंक, आहेत हे स्पष्ट होतं. पाण्याच्या तुलनेत नावेचा वेग १.२० मी/से, प्रवाहाला काटकोनात. प्रवाहाचा वेग ०.५० मी/से. हे आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत.

१० सेमी म्हणजे १ मी/से असं प्रमाण घ्या. काठाला लंब १२ सेमीचा बाण काढा. त्याच्या टोकापासून प्रवाहाच्या दिशेने ५ सेमीचा बाण. पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढा आणि मोजा: १३ सेमी. म्हणजे परिणामी वेग १.३ मी/से. कोनमापक लावला तर काठाला लंब रेषेपासून सुमारे २३ अंश, प्रवाहाच्या बाजूला. मग पायथागोरस आणि टॅनने पडताळा. नुसतं १.३ मी/से लिहून थांबलात तर उत्तर अर्धंच, दिशा हवीच.

पलीकडे पोचायला वेळ १.२० × १०² भागिले १.२०, म्हणजे १०० सेकंद. इथे १.३ ने भागण्याचा मोह टाळा. पात्र ओलांडायला काटकोनातला घटकच उपयोगी पडतो. प्रवाह नावेला फक्त ५० मीटर खाली नेतो.

थेट समोर लागायचं असेल तर नाव प्रवाहाविरुद्ध किती वळवायची? बरेच जण तोच २३ अंशांचा कोन लिहून मोकळे होतात. पण आता १.२० मी/सेचा बाण कर्ण झाला, म्हणून साइन θ = ०.५०/१.२० आणि कोन सुमारे २५ अंश. पुढे जाण्याचा वेग १.१ मी/से उरतो आणि वेळ ११० सेकंदांच्या आसपास लागतो.

हेच उदाहरण प्रवाह १.५० मी/से धरून पुन्हा करा. कॅल्क्युलेटर एरर दाखवेल, कारण साइनची किंमत १.२५ येते. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. प्रवाह नावेपेक्षा वेगवान असेल, तर ती कुठल्याही कोनात वळवली तरी थेट समोर लागणार नाही.