प्लेटलेटच्या आकड्यांवरून प्रीएक्लॅम्प्सियाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा खुद्द बेळगावात गरोदर स्त्रीच्या हाती पडणाऱ्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली आता आणखी तीन आकडे छापलेले असतात : रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटची संख्या, एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचे सरासरी आकारमान, आणि पीडीडब्ल्यू म्हणजे त्या आकारमानातील कमीजास्तपणा. पूर्वी घरची मंडळी ‘रक्त किती आहे’ एवढेच विचारीत. आता मोबाइलवर शोधाशोध करून ती विचारतात की एमपीव्ही ११.८ आला आहे, म्हणजे पुढे बीपीचा त्रास होणार का. हा प्रश्न मुळीच खुळा नाही. मात्र त्याचे उत्तर देताना कुटुंबीय, नमुना घेणारे कर्मचारी, प्रयोगशाळा आणि आम्ही डॉक्टर मंडळीही ठरावीक चुका करतो.

आधी या आकड्यांमागचे कारण. प्रीएक्लॅम्प्सियामध्ये, म्हणजे गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर रक्तदाब वाढून आईच्या अवयवांना इजा करणाऱ्या विकारात, वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची घडण नीट होत नाही, वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा करतात. त्या इजा झालेल्या जागी प्लेटलेट चिकटतात आणि खर्ची पडतात. एरवी एक प्लेटलेट साधारण आठ ते दहा दिवस जगते. येथे ती लवकर संपते, म्हणून अस्थिमज्जा घाईने नव्या प्लेटलेट बाहेर सोडते, आणि नव्या प्लेटलेट आकाराने मोठ्या असतात. साहजिकच संख्या उतरते, एमपीव्ही चढतो आणि लहानमोठ्या प्लेटलेटची सरमिसळ झाल्याने पीडीडब्ल्यूही वाढतो. (आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या. फोनवरून अहवाल सांगताना या शब्दाने पुष्कळ घोटाळे झालेले मी पाहिले आहेत.)

तीव्रतेचे माप हे भाकीत समजू नका

सर्वांत मोठी चूक हीच आहे. एखादा विकार सुरू झाल्यावर जे बदलते, ते विकार सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी उपयोगी पडेलच असे नाही. ज्या स्त्रियांना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया झाला त्यांचा एमपीव्ही आधीपासून थोडा जास्त होता, असे काही अभ्यासांत दिसले आणि काहींत दिसले नाही. जिथे दिसले तिथेही निरोगी आणि आजारी गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की सरासरीतला तो फरक एका स्त्रीला लावता येत नाही.

एक हिशेब करून पाहावा. समजा १,००० गरोदर स्त्रियांची तिसऱ्या महिन्यात तपासणी केली आणि त्यांपैकी ५० जणींना पुढे हा विकार होणार आहे. आपली चाचणी होणाऱ्यांपैकी ७० टक्के ओळखते आणि न होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना बिनधोक ठरवते, असेही धरू. म्हणजे ५० पैकी ३५ जणी सापडतील आणि १५ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी २८५ जणींना मात्र विनाकारण धोक्याच्या यादीत घातले जाईल. धोका आहे असे सांगितलेल्या ३२० जणींपैकी विकार होईल फक्त ३५ जणींना, म्हणजे साधारण नऊ जणींत एकीला. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, पण ‘सत्तर टक्के अचूक’ हे शब्द ऐकून भुलणाऱ्यांनी हे गणित कागदावर एकदा तरी मांडावे.

याच प्लेटलेटची संख्या विकाराचे निदान झाल्यावर मात्र अतिशय मोलाची ठरते. वीस आठवड्यांनंतर किमान चार तासांच्या अंतराने दोनदा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील, तर लघवीत प्रथिने नसली तरी प्रीएक्लॅम्प्सिया मानला जातो, आणि तोही तीव्र स्वरूपाचा. पुढील ४८ तासांत आईला गंभीर गुंतागुंत होण्याची शक्यता काढणारे फुलपायर्स नावाचे गणिती सूत्र २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात गर्भाचे वय, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, रक्तातील प्राणवायू, क्रिएटिनिन आणि यकृताचे एक विकर यांच्या जोडीला प्लेटलेटची संख्या आहे. एमपीव्ही नाही, आणि सूत्र निदान झालेल्या स्त्रीसाठी आहे, हे दोन्ही लक्षात घ्यावे.

आधीच धोका ओळखायचा असेल तर ११ ते १४ आठवड्यांत स्त्रीचा पूर्वेतिहास, नीट मोजलेला सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी आणि पीएलजीएफ हे वारेतील प्रथिन यांचा एकत्रित विचार करतात. पीएलजीएफची सोय तालुक्याच्या गावी नसते, हे मान्य. परंतु पूर्वेतिहास विचारायला आणि रक्तदाब मोजायला खर्च येत नाही. मागच्या खेपेस बीपी वाढले होते का, जुळे आहे का, आधीपासून मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब आहे का, पहिलीच खेप आहे का, आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला होता का, या प्रश्नांची उत्तरे एमपीव्हीच्या दशांश चिन्हापेक्षा पुष्कळ अधिक सांगतात.

सासरचा आणि माहेरचा कागद शेजारी ठेवून तुलना करू नका

सीमाभागात ही चूक जवळजवळ अटळ आहे. चंदगड किंवा गडहिंग्लजची लेक येळ्ळूरला किंवा नंदगडला दिलेली असते. पहिले सहा महिने तिची तपासणी सासरी होते आणि नोंदी कर्नाटकच्या तायी कार्डावर असतात. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि पुढच्या तपासण्या महाराष्ट्रात, वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळ्या यंत्रावर होतात. मग एमपीव्ही ९.४ वरून ११.२ झालेला दिसतो आणि घरात काळजी सुरू होते.

प्लेटलेट मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. काही यंत्रे विद्युतरोधावरून आकार ठरवतात, काही प्रकाशाच्या विखुरण्यावरून, आणि एकाच नमुन्याचा एमपीव्ही दोन यंत्रांवर सहज वेगळा येतो. त्यामुळे साधारण ७.५ ते ११.५ फेम्टोलिटर ही जी मर्यादा सांगितली जाते, तीही प्रत्येक यंत्राला जशीच्या तशी लागू पडत नाही.

यंत्र एकच असले तरी वेळ आड येते. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, आणि त्याच्या संपर्कात प्लेटलेट चपटा आकार सोडून गोल होतात व फुगतात. विद्युतरोधाच्या यंत्रावर हा फुगवटा पहिल्या तासा-दोन तासांतच एमपीव्ही वाढवून दाखवतो. जांबोटीला किंवा कणकुंबीला सकाळी नऊला घेतलेला नमुना पावसातून मोटारसायकलवर खानापुरात किंवा बेळगावात पोहोचून दुपारी दोनला यंत्रावर लागला, तर कागदावरचा एमपीव्ही त्या स्त्रीचा किती आणि प्रवासाचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांना हा आकडा खरोखर वापरायचा आहे त्यांनी नमुना घेतल्याची आणि यंत्रावर लावल्याची अशा दोन्ही वेळा नोंदवाव्यात आणि हे अंतर प्रत्येक वेळी सारखे ठेवावे. नळीत खुणेपर्यंत रक्त भरावे, कारण कमी रक्तात ईडीटीएचे प्रमाण वाढते. नळी हलवून न घुसळता आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करावी. आणि नमुना खराब होईल या भीतीने तो बर्फावर ठेवू नये. यांतले काहीच सांभाळता येत नसेल, तर एमपीव्हीकडे दुर्लक्ष करून केवळ संख्या पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्याच कमी आकड्यावर निष्कर्ष काढू नका

यंत्राने ६५,००० अशी संख्या दिली आणि स्त्री ठणठणीत आहे, रक्तदाब ११०/७० आहे, कुठे निळे-लाल डाग नाहीत, तर सर्वांत आधी काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. अशा वेळी सायट्रेटच्या, निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा नमुना घेतात. त्या नळीतील द्रवामुळे रक्त पातळ होत असल्याने आलेल्या संख्येला १.१ ने गुणावे लागते.

उलटी फसगतही होते, आणि आपल्या भागात ती अधिक महत्त्वाची आहे. लोहाच्या कमतरतेमुळे ज्यांच्या लाल पेशी फार लहान झाल्या आहेत त्यांच्या रक्तात काही यंत्रे या बारीक लाल पेशीच प्लेटलेट म्हणून मोजतात. तीव्र प्रीएक्लॅम्प्सियात लाल पेशींचे तुकडे होतात, तेही असेच मोजले जाऊ शकतात. म्हणजे प्लेटलेट प्रत्यक्षात घसरत असताना कागदावर संख्या बरी दिसते. कागदावर प्लेटलेटच्या आकड्याशेजारी तारांकन किंवा एमपीव्हीच्या जागी नुसत्या रेघा असतील, तर ती छपाईतील चूक नसते. यंत्रच सांगत असते की मला खात्री नाही.

कमी संख्या खरी ठरली तरी तिची कारणे अनेक असतात. गरोदरपणात रक्तातील द्रव वाढल्याने आणि इतर कारणांनी संख्या थोडी उतरतेच, आणि शंभरांत पाच ते दहा स्त्रियांमध्ये ती शेवटच्या महिन्यांत दीड लाखाखाली जाते. ती बहुधा एक लाखाच्या वर राहते आणि बाळंतपणानंतर आपोआप भरून येते. पावसाळ्यात डेंग्यू आठवावा. खानापूरच्या जंगलपट्टीत काम करणाऱ्यांनी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत माकडतापही ध्यानात ठेवावा, कारण शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांत तो नोंदला गेला आहे आणि त्यातही प्लेटलेट उतरतात. ताप आधी की रक्तदाब आधी, हा साधा प्रश्न येथे फार उपयोगी पडतो.

दीड लाखाच्या वर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

तिसऱ्या महिन्यात ३,१०,००० असलेली संख्या आठव्या महिन्यात १,७०,००० झाली, तर दोन्ही कागदांवर काहीही ठळक छापलेले नसते, कारण दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. तरीही प्लेटलेट चाळीस टक्क्यांहून जास्त उतरल्या आहेत, आणि जोडीला रक्तदाब चढत असेल तर ही उतरण वाट पाहण्यासारखी नसते. म्हणून पहिल्या तिमाहीतला सीबीसीचा कागद जपून ठेवावा आणि माहेरी जाताना तायी कार्डासोबत न्यावा. कार्ड कन्नडमध्ये असले तरी आकडे वाचता येतात. प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान झाल्यावर आठवड्यातून किमान दोनदा आणि हेल्प सिंड्रोमचा संशय असल्यास काही तासांच्या अंतराने संख्या पुन्हा पाहावी लागते. लाल पेशी फुटणे, यकृताची विकरे वाढणे आणि प्लेटलेट घटणे यांच्या या एकत्रित अवस्थेत सुमारे पंधरा टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला नसतो किंवा लघवीत प्रथिने नसतात. उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उलट्या यांना ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देणे येथे जिवावर बेतते.

रक्तदाब मोजण्यातील हयगय हीसुद्धा प्लेटलेटवर नको इतका भरवसा ठेवल्याचेच फळ आहे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ या काळात क्लिप नावाची मोठी चाचणी झाली. आशा कार्यकर्त्या आणि परिचारिकांनी घरोघरी जाऊन मोबाइलच्या मदतीने धोका ओळखायचा, अशी तिची मांडणी होती. त्या उपक्रमाने गुंतागुंतींचे एकूण प्रमाण कमी झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु घराच्या ओसरीवर त्यांनी जे पाहिले ते रक्तदाब आणि लक्षणे होती; सीबीसी नव्हे. पाच मिनिटे बसवून, पाठीला आधार देऊन, पाय खाली टेकवून, दंडाला पुरेल इतक्या रुंद पट्ट्याने मोजलेला रक्तदाब आजही पहिल्या क्रमांकाची तपासणी आहे.

आकडा सुधारण्याचे घरगुती उपाय आणि ॲस्पिरिन

पपईच्या पानांचा रस गरोदर स्त्रीला देऊ नये. प्रीएक्लॅम्प्सियात प्लेटलेट कमी होतात त्या खर्ची पडल्यामुळे. त्यावरचा खरा उपाय योग्य वेळी बाळंतपण करवणे हा आहे, आणि बाहेरून भरलेल्या प्लेटलेटही त्याला पर्याय नसतात.

प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी दिले जाणारे कमी मात्रेचे ॲस्पिरिन प्लेटलेटवरच काम करते, म्हणून एमपीव्ही वाढला की ते सुरू करावे आणि संख्या कमी झाली की आपणच बंद करावे, असा समज पसरला आहे. हे दोन्ही चुकीचे आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते, त्यांची संख्या किंवा आकार सुधारत नाही. ते द्यायचे की नाही हे वर सांगितलेल्या धोक्यांवरून ठरते आणि शक्यतो सोळा आठवड्यांच्या आत सुरू होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा देशांतील सुमारे १२,००० पहिलटकरणी होत्या आणि भारतातील केंद्रे बेळगाव व नागपूर येथे होती. त्यांत वेळेआधीच्या प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. त्या स्त्रियांची निवड पहिली खेप आहे यावरून झाली होती, एमपीव्हीवरून नव्हे. बाळंतपणाआधी प्लेटलेट खरोखर कमी झाल्या असतील, तर पाठीतून भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲस्पिरिनची शेवटची गोळी कधी घेतली हे सांगावे; बंद करण्याचा निर्णय मात्र त्यांचा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा.

बाळंतपण झाले की तपासणी थांबवू नका

हेल्प सिंड्रोमच्या साधारण तीस टक्के घटना बाळंतपणानंतर दिसतात, आणि सर्वसाधारणपणे प्लेटलेट पहिल्या दोन दिवसांत सर्वांत खाली जाऊन मग चढू लागतात. नेमक्या याच दिवसांत बाळंतीण घरी पोहोचते, तिच्या कानात कापूस आणि डोक्याला फडके असते, आणि डोके दुखते म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी वारे लागले असे सांगतात. सव्वा महिन्याच्या आत डोके ठणकणे, नजरेसमोर काजवे चमकणे किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रक्तदाब मोजावा. तो १६०/११० च्या घरात असेल तर सीबीसीच्या कागदाची वाट न पाहता १०८ ला फोन करून झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि प्लेटलेटचा नमुना तिथे पोहोचल्यावर घ्यावा.